सहा पाय

माझ्या डाव्या भुवईत पाऊण इंचाची खूण आहे. ती श्रावण रंगारी यांनी केली.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. नागपुरात इतवारीत एका दुकानदाराला सुऱ्याने भोसकून मारलं होतं. मी वृत्तपत्रात नवीन होतो. पोलीस ठाण्याला फोन केला आणि टेबलावर बसून बातमी लिहिली. शेवटचं वाक्य माझं स्वतःचं होतं : ‘मृताच्या चेहऱ्यावर विलक्षण शांतता होती.’ रंगारी तेव्हा मुद्रितशोधक होते. प्रूफ हातात घेऊन ते माझ्यासमोर आले.

“चेहरा पाह्यला का गा तू?”

“नाही.”

त्यांच्या दुसऱ्या हातात शिशाची पट्टी होती, छपाईत दोन ओळींच्या मध्ये घालतात ती. त्यांनी ती फेकली. रक्त डोळ्यात उतरलं. मग त्यांनीच मला नळाखाली धरलं, जखमेत तुरटी दाबली आणि म्हणाले, “हे रक्त तू पाह्यलं. याच्यावर लिही, मी काना-मात्रा नाही बदलणार.”

मी तक्रार केली नाही. ते वाक्य छापलं गेलं नाही.

रंगारी कुही तालुक्यातल्या एका खेड्यातले. घराण्याने बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा ते शाळेत होते. नागपूरला आले ते एकोणीस-वीस वर्षांचे असताना, आणि महाल भागातल्या आमच्या छापखान्यात खिळे, म्हणजे छपाईची शिशाची अक्षरं, जुळवायला लागले. रात्रीच्या कॉलेजातून बी. ए. झाले. मी कामाला लागल्यानंतर चार-पाच वर्षांनी रविवारची पुरवणी त्यांच्याकडे आली. नंदनवन भागात एका खोलीत राहत. लग्न केलं नव्हतं. चालताना नजर खाली असे. कोण आलं हे ते मान वर न करता सांगत, कारण ते लोकांना चपलांवरून ओळखत. चेहऱ्याकडे ते क्वचित पाहत.

पुरवणीत दर आठवड्याला एक कथा असे. कथा निवडण्याची त्यांची एकच रीत होती. हस्तलिखित ते लाल पेन्सिलीने वाचत आणि समासात तीनपैकी एक खूण करत. ‘पा’ म्हणजे निवेदकाने पाहिलेलं. ‘ऐ’ म्हणजे ऐकलेलं. ‘मा’ म्हणजे मानलेलं. कथा ‘मी’ने सुरू झाली की पेन्सिल चालू होई. हा ‘मी’ कुठे उभा आहे? तिथून त्याला दिसेल का? दिसत नसेल तर तो पाहिल्यासारखा काहून बोलून राहिला?

‘मा’च्या खुणा जास्त झाल्या म्हणून कथा परत जात नसे. “खोटा निवेदक चालते,” ते म्हणत. “पण तो खोटा आहे हे लेखकाले माहीत पाहिजे.”

एकदा धरमपेठेतल्या एका बँक अधिकाऱ्याची कथा आली. बायको स्टोव्हच्या भडक्यात जळून मरते आणि नवरा ती हकिगत सांगतो. तो अंगणात होता, किंकाळी ऐकली, आतून कडी होती, दार फोडलं, तोवर सगळं संपलं होतं. कार्यालयात तीन जणांनी कथा वाचली, एक जण रडला. रंगारींनी ती परत पाठवली. चौथ्या दिवशी लेखक स्वतः आले. चांगले उंचपुरे, आवाज मोठा.

“माझ्या कथेत खोट काय आहे?”

“कथेत नाही. नवऱ्यात आहे.” रंगारींनी एका वाक्याखाली बोट ठेवलं. ‘आधी तिच्या हातातली बांगडी तडकली, मग पदराने पेट घेतला.’ “अंगणातून दिसते का हे?”

“ही कल्पना आहे, महाराज. साहित्य आहे.”

“असू द्या. पण मंग तुमच्या कल्पनेतला माणूस आतच होता. बांगडी तडकेपर्यंत पाहत उभा होता. हे तुमाले माहीत आहे का?”

लेखकांनी ते वाक्य पुन्हा वाचलं. कागद घेऊन गेले. तीन महिन्यांनी कथा पुन्हा आली. दार फोडल्याचा परिच्छेद काढलेला होता, बाकी सगळं तसंच होतं. रंगारींनी ती एका बैठकीत वाचली आणि खाली एकही खूण न करता खिळे जुळवायला पाठवली. त्या कथेवर आलेली पत्रं एका टपालपिशवीत मावली नाहीत.

दुसरा प्रसंग मारामारीचा. दारूच्या एका गुत्त्याची बातमी आम्ही छापली होती. दुसऱ्या दिवशी दुपारी काही लोक सायकलच्या साखळ्या घेऊन आत शिरले. खिळे जुळवणाऱ्या एकाचा हात त्यांनी लाकडी खणात घातला आणि खण लाथेने बंद केला. तीन बोटं मोडली. एकाची कवटी फुटली, सोळा टाके पडले. दोन मिनिटांत ते निघून गेले. पोलिसांनी जबाब घेतले. मी सात-आठ माणसं सांगितली. व्यवस्थापक पंधरा म्हणाले. रंगारी टेबलाखालून बाहेर आले होते.

“तीन,” त्यांनी सांगितलं. “सहा पाय. एकाच्या डाव्या टाचेले बोट जाईल एवढी भेग. एकाच्या उजव्या बुटाले लेस नाही. तिसऱ्याच्या चपला नव्या.”

लेस नसलेला बूट पोलिसांना तिसऱ्या दिवशी सापडला, आणि बुटामागोमाग तिघेही. पण कार्यालयात पुढची दोन वर्षं थट्टा चालली. काही वाजलं, पडलं की कोणीतरी विचारी, “रंगारीजी, टेबलाखाली जागा आहे का?” एका वाक्यासाठी शिसं फेकणारा हा माणूस त्या थट्टेवर कधी चिडला नाही. “एकाची आहे,” ते म्हणत. “तू जाड आहे, तू मरशील.”

भोयर गुरुजी आले ते ऐंशीनंतरच्या एका फेब्रुवारीत, दुपारी. मी त्या वेळी शेजारच्या टेबलावर होतो, त्यामुळे पुढचं मी पाहिलेलं आणि ऐकलेलं आहे. तिशीतला सडपातळ माणूस, पांढरा शर्ट, हातात प्लास्टिकची पिशवी. तो टेबलासमोर उभा राहिला.

“रंगारी तुमीच काय?”

“मीच.”

“कुहीकडचे?”

रंगारींनी मान वर करून त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

“मी मोरेश्वर भोयर. शाळेवर गुरुजी आहो. लक्ष्मण भोयरचा पोरगा.” त्याने पिशवीतून कागद काढले. “पुरवणीत तुमचं नाव वाचत होतो. तुमीच असान असं वाटे. कथा आणली. हिंमत असंल तर छापा.”

कथेचं नाव ‘खोटी साक्ष’. रंगारींनी पेन्सिल घेतली आणि तिथेच वाचायला सुरुवात केली. चाळीस मिनिटं लागली. गुरुजी बसले नाहीत, पाणी प्यायले नाहीत.

ती कथा मी नंतर दोनदा वाचली. निवेदक नऊ वर्षांचा मुलगा आहे. त्याचा बाप गावच्या मालगुजाराकडे, म्हणजे जमीनदाराकडे, सालाने कामाला. एका सकाळी बाप तापाने फणफणून खाटेवर पडला आहे आणि मुलगा त्याचे पाय दाबतो आहे. पलीकडच्या वस्तीतून आरडाओरडा ऐकू येतो. तिथे एका माणसाचा कुऱ्हाडीने खून झाला आहे. संध्याकाळी पोलीस बापाला नेतात. मेलेल्याचा धाकटा भाऊ कोर्टात सांगतो की चार मारेकऱ्यांत मुलाचा बाप होता, त्याने डोळ्यांनी पाहिला. चौघे सुटतात, पण कोठडीत पोलिसांनी बापाचा गुडघा फोडलेला असतो आणि तो अकरा महिन्यांनी घरी येतो तो पाय ओढत. शेवटच्या तीन ओळी अशा : ‘माझा बाप त्या सकाळी घरात होता. मी साक्षीला आहे. मला कोणी विचारलं नाही.’

रंगारींनी शेवटचं पान खाली ठेवलं. समास खुणांनी भरला होता. चौथ्या पानावर पेन्सिल थांबली होती. तिथे लिहिलं होतं : ‘पोलीस आले तेव्हा दाराशी बाबांच्या वहाणा ओल्या होत्या. उजव्या वहाणेचा तुटका अंगठा मी आदल्या दिवशी आईच्या निळ्या लुगड्याच्या चिंधीने बांधला होता. चिंधीचा रंग जाऊन दगडावर डाग पडला होता.’

“गुरुजी,” रंगारींनी विचारलं, “बापाचे पाय दाबून राहिलो होतो, हे तुमाले आठवते?”

“आठवते.”

“आठवते का कोणी सांगितलं?”

“आई सांगे. लय खेपा सांगे. तू पाय दाबत होता, म्हणे, ध्यानात ठेव.”

“आन् ही चिंधी? हे कोणी सांगितलं?”

“ते कशाले सांगन कोणी? मीच बांधली. या हातानं.”

रंगारींनी त्या ओळीसमोर ‘पा’ लिहिलं. लिहिताना पेन्सिलचं टोक मोडलं. मग ते उठले, टेबलाला वळसा घालून आले, त्यांनी गुरुजींची गचांडी धरली आणि त्यांना मागच्या खिळ्यांच्या कपाटावर आपटलं. डोकं आदळल्याचा आवाज झाला. खण उसळले, खिळे फरशीवर सांडले. आम्ही तिघे धावलो. गुरुजींनी हात वर केले नाहीत.

“मारा,” ते म्हणाले. “बापाचा पाय तर मोडलाच तुमच्या साक्षीनं. आता मले मारा.”

रंगारींच्या मुठी पांढऱ्या पडल्या होत्या. त्यांनी त्या एकेक बोट करून सोडल्या. गुरुजींची कॉलर सरळ केली.

“छापतो,” ते म्हणाले. “जशीच्या तशी. जा तुमी.”

गुरुजी गेल्यावर ते गुडघ्यांवर बसून सांडलेले खिळे गोळा करू लागले. मीही बसलो. तेव्हा त्यांनी सांगितलं. हे मी ऐकलेलं आहे आणि सांगणारे एकटे रंगारी आहेत.

दीक्षेनंतर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी त्यांच्या वस्तीने मेलेली जनावरं ओढायचं बंद केलं. तसं गावाला जाऊन सांगितलं ते त्यांच्या थोरल्या भावाने, दशरथने. मालगुजाराचा मेलेला बैल दोन दिवस गोठ्यात फुगत पडला. तिसऱ्या सकाळी माणसं आली. घरात दोघे भाऊच होते. धान साठवायची ढोली, म्हणजे बांबूच्या तट्ट्याची शेणाने सारवलेली मोठी कणगी, दगडांवर हातभर उंच ठेवलेली असे. रंगारी तिच्याखाली सरपटत शिरले. एकोणीस वर्षांचे होते.

“तिथून गुडघ्याच्या वर काही नाही दिसत,” ते म्हणाले. “सहा पाय होते. दशरथ पडला तो माह्याकडे तोंड करून. एक पाय त्याच्या मनगटावर आला. वहाणेच्या अंगठ्याले निळी चिंधी होती. मनगट दाबून धरलं त्या पायानं. मंग कुऱ्हाड. पहिली खांद्यात. मंग मानेत दोन. पाचव्या घावापर्यंत दशरथचे डोळे माह्यावर होते. त्यानं आवाज नाही केला. मी खाली आहो हे कळू नये म्हणून नाही केला.”

त्यांनी एक खिळा उचलला, पाहिला, योग्य खणात टाकला.

“वस्तीत मी हेच सांगितलं. तीन माणसं, निळी चिंधी. तं आमच्यातले जाणते होते, कोर्ट पाह्यलेले. म्हणे, पायावर कोणी फाशी जाते का गा? चेहरे सांग. आन् चौघं सांग. मालगुजाराचा पोरगा सुटला नाही पाहिजे, त्याचे माणसं सुटले नाही पाहिजे. चार नावं वस्तीनं ठरवली. कोणी कोणता घाव घातला तेबी ठरवलं. मी पाठ केलं.”

“मग?”

“मंग त्यायच्या वकिलानं मले कोर्टातल्या टेबलाखाली झोपवलं. म्हणे, माझा चेहरा दिसून राहिला का? सगळं कोर्ट हासलं. चौघं सुटले. चिंधीचं कोणी विचारलं नाही, मीबी सांगितलं नाही.”

म्हणजे त्या चौघांत निदान एक जण त्या सकाळी तिथे नव्हता. कोण, हे रंगारींना माहीत नव्हतं. आपल्या शपथेने कोणाला तरी विनाकारण तुरुंगात घातलं, एवढंच माहीत होतं. ही कथा वाचताना पहिली तीन पानं त्यांना वाटलं की तो माणूस सापडला : लक्ष्मण भोयर. त्याच्याकडे जायचं, त्याच्या मोडलेल्या पायाला हात लावायचा, असं मनात आलं. मग चौथं पान आलं.

मी म्हणालो, ती ओळ काढून टाका. कथा बिघडत नाही.

“काढू कशी? पूर्ण कथेत त्यानं पाह्यलेलं तेवढंच आहे.”

“मग त्यांना सांगा. बाप तिथे होता म्हणून.”

“मी सांगू? माही साक्ष एक खेप झाली.”

मी कार्यालयातला नेहमीचा प्रश्न विचारला. निवेदक भरवशाचा की नाही?

“पोरगा खरा आहे,” ते म्हणाले. “त्याची हकिगत खोटी आहे. आन् हकिगतीतली चिंधी खरी आहे. तूच कर निकाल.”

पुढच्या रविवारी कथा छापून आली. एक स्वल्पविरामही बदललेला नव्हता. दोन वाचकांची पत्रं आली. निर्दोष बापाची करुण कहाणी, असं दोघांनीही लिहिलं होतं.

मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात गुरुजी पुन्हा आले. शनिवार होता. डोक्याला पट्टी होती, डावा कान सुजून काळा पडला होता, वरच्या ओठाला टाका होता. या खेपेला ते न विचारता खुर्चीवर बसले.

“अंगणात बाबाले वाचून दाखवली,” ते म्हणाले. “शेजारपाजारचे बोलावले होते. म्हटलं, ऐकू दे सगळ्यायले. बाबा भिंतीले टेकून ऐकून राहिला होता. मधातच उठला. आधाराची काठी आहे त्याची, तिनंच हाणली. डोक्यात, कानावर, तोंडावर. मी पडलो तरी थांबला नाही. चौघं लागले सोडवाले. पासष्टीचा म्हातारा. जन्मात बोट नव्हतं लावलं त्यानं मले.”

“काय म्हणे मारताना?”

“तुले कोणी सांगितलं, म्हणे. कोणी सांगितलं तुले. तेवढंच. तेव्हापासून बोलत नाही. कथा तं त्याच्याच बाजूनं लिहिली मी. पंचवीस वर्षं त्याच्यासाठीच डोक्यात ठेवली. मंग काहून मारलं मले?”

“कोणत्या ओळीवर उठला?”

गुरुजींनी आठवून पाहिलं. “वहाणेच्या. चिंधीच्या.”

रंगारींनी पेन्सिल टेबलावर ठेवली. ती ठेवताना त्यांनी ती टेबलाच्या कडेला समांतर लावली, हे मला स्पष्ट आठवतं.

“चला खाली,” ते म्हणाले. “दाखवतो.”

त्या शनिवारनंतर रंगारी कार्यालयात आले नाहीत. राजीनामा टपालाने आला, कारण लिहिलेलं नव्हतं. नंदनवनातली खोली त्यांनी सोडली होती. कोणी म्हणे कुहीला गेले, कोणी म्हणे रामटेकच्या बाजूला कुठे शाळेवर लागले. हे सगळं ऐकलेलं आहे.

पाहिलेलं एवढंच. दोघे जिना उतरून गेल्यावर मी खिडकीशी गेलो. समोरच्या फुटपाथवर चहाची टपरी होती. भर दुपार, ऊन तापलेलं. रंगारींनी आपल्या चपला काढून जमिनीवर ठेवल्या. गुरुजींना काढायला लावल्या, त्या शेजारी ठेवल्या. टपरीवाल्याकडे मागून त्याच्याही घेतल्या. तीन जोड झाले. सगळ्यांची टोकं त्यांनी एका जागेकडे वळवली. खिशातून रुमाल काढला, त्याची पट्टी फाडली आणि गुरुजींच्या उजव्या चपलेच्या अंगठ्याला बांधली. मग रंगारी तीन हात अंतरावर जाऊन पालथे झोपले. गाल तापलेल्या फरशीला लावला. चहा पिणारी माणसं ग्लास घेऊन मागे सरली. कोणीतरी हसलं.

रंगारींचे ओठ हलत होते. काय बोलले ते रस्त्याच्या आवाजात मला ऐकू आलं नाही. त्यांनी एक हात लांब केला आणि पट्टी बांधलेली चप्पल ओढून आपल्याच मनगटावर ठेवली.

गुरुजी अनवाणी उभे होते. पाय भाजत असणार, पण ते हलले नाहीत. मग ते आधी उकिडवे बसले, नंतर हात टेकून रंगारींच्या शेजारी पालथे झाले, आणि डोक्याची पट्टी सांभाळत, गाल जमिनीला लावून, रंगारी पाहत होते तिकडे पाहू लागले.